उजव्या पायाची विद्या

गणेशोत्सवातील आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांतील हळू सायकल शर्यतीत जो सर्वांत शेवटी पोचतो तोच जिंकतो, कारण वेग कमी झाला की दुचाकीचे आपोआप सावरण्याचे सामर्थ्य घटते आणि तोल राखण्याचा सगळा भार स्वाराच्या अंगावर येतो. मोटारसायकलचे पुढचे चाक हवेत उचलून ती केवळ मागच्या चाकावर चालवणे, म्हणजे तरुणांच्या बोलीत ‘व्हीली मारणे’, या कौशल्यालाही हाच नियम लागू पडतो. वेगातील व्हीली डोळ्यांत भरते, परंतु माणसाच्या चालीने जाणारी संथ व्हीली ही स्वाराची खरी परीक्षा असते. बालाघाट जिल्ह्यातील वारासिवनीसारख्या गावात १०० ते १५० सीसीची गाडी हे घरातले रोजचे वाहन असते, आणि तेथील मुलांना हे कौशल्य प्रथम भेटते ते मोबाइलच्या पडद्यावर, जेथे गाडी उचलल्याचा क्षण ठळक दिसतो, ती ज्या पायाने उतरवली जाते तो पाय मात्र दिसत नाही.

स्वार बसलेल्या साध्या मोटारसायकलचा गुरुत्वमध्य, म्हणजे सारे वजन जणू एकवटलेले असते तो बिंदू, मागचे चाक जेथे जमिनीला टेकते त्या जागेच्या जितका पुढे असतो, ढोबळमानाने तितकाच जमिनीपासून वर असतो. त्यामुळे केवळ वेग वाढवून पुढचे चाक उचलायचे तर गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाएवढे, म्हणजे दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रतिसेकंदाने वेग वाढवणारे, त्वरण लागते, आणि शून्यापासून ताशी ६० किलोमीटर गाठायला पाच-सहा सेकंद घेणाऱ्या दीडशे सीसीच्या गाडीजवळ सरासरीने त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच त्वरण असते. ही तूट शिकाऊ स्वार क्लचच्या झटक्याने भरून काढतो: पहिल्या गियरमध्ये सावकाश चालताना क्लच दाबून इंजिनाचे फेरे वाढवायचे, शरीर सीटवर मागे सरकवायचे आणि क्लच सोडताच पुढचा भाग वर घ्यायचा.

पुढचा भाग पुरेसा उचलला गेला की गुरुत्वमध्य मागच्या टेकणबिंदूच्या थेट वर येतो आणि त्या स्थितीला संतुलनबिंदू म्हणतात. या बिंदूच्या खाली गाडी तोलून धरायची तर वेग वाढवत राहावेच लागते, म्हणून अर्धवट उचललेल्या गाडीची संथ व्हीली होऊच शकत नाही. जी व्हीली हळू जाते ती संतुलनबिंदूवर असते, आणि तेथपर्यंत पोचायला मागे उलटण्याचे भय ओलांडावे लागते.

तळहातावर उभी काठी तोलणे आणि संतुलनबिंदूवरची गाडी तोलणे हे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने एकच आहे. एवढ्या उंचीच्या गुरुत्वमध्याचा कल एका बाजूला गेला, तर तो पाव सेकंदाच्या आसपास दुप्पट होतो, आणि माणसाला पाहून प्रतिसाद द्यायलाही जवळजवळ तितकाच वेळ लागतो. विचार करून हालचाल करण्यास येथे सवडच नसल्याने ती हालचाल शरीराला आधीच मुरलेली असावी लागते, आणि ती हालचाल उजव्या पायाची आहे.

मागचा ब्रेक हळुवार दाबला की मागचे चाक मंदावते, स्वार आणि गाडीचे वजन मात्र पुढे झेपावते, आणि पुढचा भाग खाली येऊ लागतो. संतुलनबिंदू ओलांडून गाडी मागे कलली तरीही, ब्रेक वेळेत आणि पुरेसा दाबला गेल्यास, तीच क्रिया तिला परत आणते. केवळ क्लच दाबल्याने हे साधत नाही, कारण त्यामुळे इंजिनाचा जोर तुटतो, खाली ओढणारे बल मात्र निर्माण होत नाही. या कारणाने अभ्यासाचा क्रम उलटा ठेवणे शहाणपणाचे ठरते: प्रथम चाक वीतभर उचलून लगेच ब्रेकने उतरवणे, हे शेकडो वेळा झाल्याविना उंची वाढवू नये, आणि पायाची बोटे ब्रेकवरून क्षणभरही हलू देऊ नयेत. उतरताना पुढचे चाक सरळ ठेवून किंचित पिकअप दिल्यास ते जमिनीवर आदळत नाही. आडवा तोल मात्र गुडघे, कंबर आणि खांदे यांच्या बारीक हालचालींनी राखावा लागतो, कारण हवेतील चाकाच्या वळणाने दिशा बदलत नाही आणि चाकांच्या फिरण्यातून मिळणारे स्थैर्य या गतीला नगण्य असते.

संथ चालीवरील प्रभुत्व हा सैन्याच्या मोटारसायकल-प्रात्यक्षिकांचाही पाया आहे, आणि त्याचे एक प्रसिद्ध घर बालाघाटहून रेल्वेने जोडलेल्या जबलपुरात आहे. तेथे सिग्नल्स कोअरचे ‘डेअर डेव्हिल्स’ पथक आहे, ज्याची स्थापना १९३५ साली झाली; संदेशवाहक मोटारसायकलस्वारांच्या परंपरेतून आलेल्या या पथकाचे जवान बुलेटवर मानवी मनोरे रचतात, आणि ते मनोरे टिकतात ते गाडीची चाल एकसारखी राखणाऱ्या स्वाराच्या हातापायांवर.

सरावाची गाडी रोजच्या गाडीहून वेगळी असावी, असे जाणकार मानतात, कारण मागची दातेरी चकती मोठी केल्याने त्याच फेऱ्यांत गाडी हळू चालते, मागे लावलेला लोखंडी दांडा ती उलटण्यापूर्वी जमिनीला घासतो, आणि दीर्घ व्हीलीत इंजिनाचे तेल मागे साचून पंपाला हवा मिळण्याचा जो धोका असतो तो लक्षात घेऊन तेलाची पातळी पाहावी लागते. असे बदल केलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि रस्त्यावर व्हीली करणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्याचा गुन्हा ठरतो, ज्यास पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. चालवणारा अल्पवयीन असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार पालकावर २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची जबाबदारी येते. हेल्मेट, गुडघे-कोपरांचे कवच आणि मालकाची परवानगी असलेले सपाट, वाहतूक नसलेले मैदान यांच्याविना सुरुवात करणे धाडस नव्हे, अविचार आहे.

ज्यांना मोटारसायकलचे भय वाटते, त्यांनी आरंभ साध्या सायकलवर करावा, कारण सायकलचा गुरुत्वमध्य आणि संतुलनबिंदू यांचे नाते तेच असते, मागचा ब्रेक बोटाने दाबावा लागतो इतकाच फरक असतो, आणि चूक झाली तर स्वार बहुधा मागे उतरून दोन पावले चालतो.