चाळीस आवाज आणि एक नाव

स्टॉकहोमच्या ऐन मध्यावर, सेर्गेल चौकाला लागून काचेच्या दर्शनी भिंतीची एक लांबलचक इमारत आहे. नाव कुल्तूरहूसेत. १९७४ मध्ये सुरू झालेल्या या वास्तूत ग्रंथालय, प्रदर्शनं, मुलांचे कार्यक्रम, नाटकं असं सगळं एका छपराखाली चालतं. २०१३ मध्ये ही वास्तू आणि शहराची नाट्यसंस्था यांचा कारभार एकत्र झाला आणि सूत्रं बेन्नी फ्रेड्रिकसन यांच्या हाती आली. नट म्हणून रंगभूमीवर आलेला हा माणूस २००२ पासून त्या नाट्यसंस्थेचा प्रमुख होता. पंधरा वर्षं सरकारी पैशावरची नाट्यसंस्था चालवणं म्हणजे काय, हे आपल्याकडे ज्यांनी नाट्यगृहांच्या तारखांसाठी पालिकेत खेटे घातले आहेत त्यांना सांगायला नको.

५ डिसेंबर २०१७ ला फ्रेड्रिकसन यांनी राजीनामा दिला. आदल्या काही दिवसांत ‘आफ्टोनब्लाडेट’ या मोठ्या खपाच्या दैनिकाने त्यांच्यावर लेखांचा धडाका लावला होता. आधार होता सुमारे ४० आजी-माजी सहकाऱ्यांचा, आणि बहुतेकांची नावं गुलदस्त्यात. साहेबांचं नाव मात्र ठळक टाइपात.

‘मी टू’ची लाट तेव्हा भरात होती आणि स्वीडनमध्ये ती रंगभूमीवरही जोरात उसळली. ८ नोव्हेंबरला ४५६ अभिनेत्रींनी एक जाहीर निवेदन प्रसिद्ध केलं. सोबत अंगावर काटा आणणारे अनुभव होते. निवेदनाखाली सह्या स्वतःच्या नावानिशी, पण छळणाऱ्या पुरुषांपैकी एकाचंही नाव नाही. त्यांचा रोख व्यवस्थेवर होता. महिन्याभराच्या आत ‘आफ्टोनब्लाडेट’ने हे गणित नेमकं उलटं केलं.

माझ्या मते खरी चूक निनावी साक्षीदारांची नव्हती. नोकरी जाण्याची भीती असलेला माणूस नाव देणार नाही, हे कोणत्याही बातमीदाराला कळतं. चूक झाली ती सरमिसळीत. दरारा, हुकूमशाही वागणं, भीतीचं वातावरण आणि लैंगिक गैरवर्तन या वेगवेगळ्या वजनाच्या तक्रारी एकाच जुडीत बांधल्या गेल्या. तालमीत ओरडणारा प्रमुख आणि अंगचटीला येणारा प्रमुख यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याबद्दल चाळीस जण बोलले म्हणून दुसरा आरोप सिद्ध होत नाही. वाचकाच्या डोक्यात मात्र चाळीसचा आकडा दोन्हीकडे चिकटतो.

त्याच शहरात, त्याच नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या एका दैनिकाने याहून मोठी बातमी दिली. ‘दागेन्स नीहेतर’च्या मातिल्दा गुस्ताव्हसन यांनी १८ महिलांचे अनुभव मांडले. त्यांतल्या काही स्वतःच्या नावाने बोलल्या होत्या. ज्याच्यावर आरोप होते त्याला लेखात फक्त ‘सांस्कृतिक क्षेत्रातली व्यक्ती’ म्हटलं होतं. तरीही त्याच्याशी जवळचा संबंध असलेली स्वीडिश अकादमी हादरली आणि २०१८ चं साहित्याचं नोबेल पुढे ढकलावं लागलं. तो माणूस, जाँ-क्लोद आर्नो, पुढे बलात्काराच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. नाव न छापता बातमी बोथट होते, असं म्हणणाऱ्या संपादकांनी हे उदाहरण टेबलाच्या काचेखाली ठेवावं.

मार्च २०१८ मध्ये फ्रेड्रिकसन यांनी ऑस्ट्रेलियात आपलं आयुष्य संपवलं. पत्नी, ऑपेरा गायिका आन सोफी फॉन ऑटर यांच्यासोबत ते तिकडे गेले होते. शहर प्रशासनाने करून घेतलेल्या चौकशीत त्यांनी स्वतः लैंगिक छळ केल्याचं आढळलं नाही. पुढे स्वीडनच्या वृत्तपत्र परिषदेने ‘आफ्टोनब्लाडेट’ला दोषी ठरवलं. (१९१६ पासून २०१९ पर्यंत चाललेली ही परिषद वृत्तपत्रांनीच उभी केलेली होती, आणि दोषी ठरलेल्या पत्राला तिचा निर्णय आपल्याच पानांवर छापावा लागे.) मात्र एका मृत्यूचं खापर एकाच वृत्तपत्रावर फोडणं हाही तसलाच घाईचा न्याय होईल. माणसाच्या मनात काय चाललं होतं, हे बाहेरून ठरवता येत नाही. आणि त्या चाळिसांतल्या ज्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या, त्यांचं काय? कच्च्या बातमीने त्यांचाही घात केला. त्यांचं म्हणणं मागे पडलं आणि चर्चा राहिली ती वृत्तपत्राची.

आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातलं कलम १६ तक्रारदार महिला, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आणि साक्षीदार या सगळ्यांची ओळख उघड करायला मनाई करतं. ही मनाई त्या कायद्यानुसार नेमलेल्या समितीपुढच्या तक्रारीपुरती आणि चौकशीपुरती आहे. बातमीदार स्वतः शोध घेऊन लिहितो तेव्हा त्याला आवरणारा असतो तो मुख्यतः त्याचा संपादक. म्हणून अशी बातमी हाती आली की वाचकांनी तीन गोष्टी शोधाव्यात: नेमका आरोप कोणता, तो किती जणांचा, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला उत्तर द्यायला किती वेळ मिळाला. यांतली एकही सापडली नाही, तर ती बातमी पुढे पाठवू नका.