हिमशिखराच्या वाटेवरील आगगाडी

स्वित्झर्लंडमधील युंगफ्राऊ शिखराच्या पायथ्याच्या खोऱ्यांत आगगाडी पोहोचली ती १८९० साली. तीन वर्षांनी दातेरी रुळांची दुसरी गाडी क्लाइने शायडेक खिंडीपर्यंत चढू लागली. प्रवाशांना तेवढे पुरेसे होते. आडोल्फ गुयर-त्सेलर या उद्योगपतींना मात्र ते पुरेना! आयगर व म्योंख या पर्वतांच्या पोटातून बोगदा खणून गाडी वर न्यावी, असे त्यांनी १८९३ मध्येच योजिले. बोगद्यात कोळशाचा धूर कोंडला असता. म्हणून ही गाडी आरंभापासून विजेवर, आणि ती वीजही दरीतील पाण्यापासून निर्माण केलेली. १८९६ मध्ये काम सुरू झाले. १८९९ मध्ये गुयर-त्सेलर निवर्तले. त्याच वर्षी स्फोटात सहा मजूर प्राणास मुकले. योजकाची कल्पकता थोर खरीच, परंतु गोठविणाऱ्या थंडीत खडक फोडणारे मजूर, बहुतेक इटलीतून पोटासाठी आलेले, मला अधिक थोर वाटतात. सात वर्षांत व्हावयाचे काम सोळा वर्षे चालले. अखेर १ ऑगस्ट १९१२ रोजी गाडी ३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राऊयोख येथे पोहोचली. ४,१५८ मीटर उंचीच्या शिखरावर जाण्याचा मूळ बेत तेथेच थांबला. शिखर अद्याप गिर्यारोहकांचेच आहे.