पाय गेले, हात राहिले

मेक्सिकोच्या वायव्येला बाहा कॅलिफोर्निया हे चिंचोळं, लांबलचक द्वीपकल्प आहे. तिथल्या रेताड जमिनीत, झुडपांच्या मुळांशी 'बायपीज बायपोरस' हा सरपटणारा प्राणी राहतो. रंग गुलाबी, अंगभर वलयं, जाडी करंगळीहून कमी, लांबी साधारण २० सेंटिमीटर. नुसतं धड पाहून कुणीही त्याला गांडूळच म्हणेल. पण डोक्याच्या लगेच मागे दोन आखूड, दणकट हात आहेत. प्रत्येक हाताला पाच बोटं आणि प्रत्येक बोटाला नखी.

मागच्या पायांच्या हाडांचे बारीक अवशेष तेवढे कातडीखाली उरले आहेत, आणि मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. सरपटणाऱ्या प्राण्यांचे अवयव उत्क्रांतीत झिजतात तेव्हा बहुधा पुढची जोडी आधी जाते. अजगराच्या गुदद्वारापाशी दिसणारे दोन काटे मागच्या पायांचे अवशेष आहेत; पुढच्या पायांची खूणही त्याच्या अंगावर सापडत नाही. बायपीजमध्ये हा क्रम उलटा झाला.

हे हात शोभेचे नाहीत. पृष्ठभागावरून वाळूत शिरताना तो ते झपाझप चालवतो. एकदा आत गेला की पुढचं बरंचसं काम डोकं करतं. कवटीची हाडं एकमेकांत घट्ट बसलेली असतात. सैल कातडी स्नायूंच्या बळावर मागेपुढे सरकते, वलयं बिळाच्या भिंतीला धरून ठेवतात आणि प्राणी सरळ रेषेत पुढे जातो. गरज पडली तर तसाच मागेही येतो.

डोळे खवल्याखाली झाकलेले, कानाला बाहेरून छिद्र नाही. कानाच्या हाडाचा कूर्चेचा फाटा मात्र कातडीपर्यंत गेलेला असतो, त्यामुळे मुंग्या-वाळवीची हालचाल त्याला कातडीतून कळते. भक्ष्य पकडलं की तो ते बिळात ओढून नेतो. वरच्या जबड्यात अगदी मध्यावर एकच मोठा दात असतो. अरुंद शरीरात जागा करण्यासाठी सापांचं डावं फुप्फुस लहान झालं. बायपीज ज्या बिळात राहणाऱ्या, वलयांकित सरपटणाऱ्या प्राण्यांच्या गटातला आहे, त्या गटात उजवं.

सकाळी वाळूचा वरचा थर तापू लागला की तो वर सरकतो आणि उन्हं चढली की खोल जातो. जमिनीबाहेर न येता ऊब मिळवण्याची ही रीत फार सुंदर आहे. मादी एक ते चार अंडी घालते. शत्रूने शेपटी धरली तर ती तुटते, पण पालीसारखी पुन्हा येत नाही.

या गटात सुमारे २०० जाती आहेत. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, कॅरिबियन बेटं, स्पेन, पश्चिम आशिया असा त्यांचा पसारा आहे. भारतात एकही नाही. आपलं मांडूळ हा साप आणि कोकणातलं देवगांडूळ हा उभयचर, दोन्ही या गटाबाहेरचे. हात टिकले ते फक्त बायपीजच्या तीन जातींत, आणि तिन्ही मेक्सिकोतल्याच. जनुकीय अभ्यासानुसार फ्लोरिडातली बिनहातांची शाखा बायपीजच्या आधीच वेगळी झाली होती. म्हणजे या गटात हात एकदाच गेले नाहीत; वेगवेगळ्या शाखांत ते स्वतंत्रपणे नाहीसे झाले. खुद्द बायपीजमध्येही झीज दिसते: बाहामधल्या जातीला नख्यांची पाच बोटं, 'कॅनालिक्युलॅटस'ला चार आणि 'ट्रायडॅक्टिलस'ला तीनच.