धमनी बंद, मेंदू चालू!

मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी डॉक्टर मुद्दाम, कायमची बंद करतात आणि पेशंट काही दिवसांनी आपल्या पायांनी घरी जातो. खोटं वाटतं? मेंदूतल्या महाकाय अॅन्युरिझमवरचा, म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेल्या फुग्यावरचा, हा खराखुरा उपचार आहे.

महाकाय म्हणजे २५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा. एक इंच फार वाटत नाही, पण मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या ज्या कॅरोटिड धमनीच्या भिंतीला हा फुगा येतो, ती स्वतः जेमतेम ४-५ मिलिमीटर रुंद असते! शेजारचे मज्जातंतू दाबले गेले की पापणी पडते, एकाचे दोन दिसू लागतात. फुटला तर जिवावरच बेततं. त्यात एवढ्या मोठ्या फुग्याचं तोंडही बहुधा रुंद असतं, क्लिप लावून ते मिटवणं अवघड. मग फुगा जिच्यावर आलाय, ती धमनीच बंद!

मग मेंदू उपाशी नाही का राहणार? सोलापूरकरांना हे चटकन कळेल. शहराला पाणी उजनीच्या थेट पाइपलाइनमधून येतं, भीमेवरच्या टाकळीहून येतं आणि हिप्परग्याच्या तलावातूनही. एक वाट अडली तर बाकीच्यांवर भागवायचं. मेंदूकडेही चार धमन्या जातात आणि त्याच्या तळाशी एका कड्यात जोडल्या जातात. इंग्लिश डॉक्टर थॉमस विलिस यांनी १६६४ च्या ग्रंथात या कड्याचं वर्णन केलं. त्या ग्रंथासाठी चित्रं काढणारे ख्रिस्तोफर रेन पुढे लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे वास्तुविशारद झाले! विलिस यांना शवविच्छेदनात असा एक माणूस आढळला होता, ज्याची एका बाजूची कॅरोटिड पार बुजलेली होती, तरी हयातीत मेंदूची काही तक्रार नव्हती.

गोम अशी की हे कडं पुस्तकातल्यासारखं पूर्ण निम्म्याहून कमी लोकांत असतं. म्हणून आधी परीक्षा. जांघेतून बारीक नळी वर नेऊन टोकाचा फुगा धमनीत फुगवतात आणि वीस-तीस मिनिटं रक्त अडवून धरतात. पेशंट जागा! "नाव सांगा. बोटं हलवा. उलटे आकडे म्हणा." जीभ जरा अडखळली, हात जरा ढिला पडला की फुगा लगेच सोडतात. अशा पेशंटला आधी बायपास करून रक्ताला नवी वाट द्यावी लागते. मला या सगळ्या उपचारातला हा अर्धा तास सर्वांत थरारक वाटतो.

धमनी बंद करण्याची कल्पना मात्र जुनी. लंडनचे सर्जन जॉन हंटर यांनी १७८५ मध्ये एका घोडागाडीवाल्याच्या गुडघ्यामागच्या अॅन्युरिझमसाठी मांडीतली धमनी बांधली आणि पाय वाचवला. त्याआधी त्यांनी एका हरणाची कॅरोटिड बांधली, शिंग गार पडलं आणि काही दिवसांत पुन्हा ऊबदार झालं, असा किस्सा सांगतात. अॅस्टली कूपर यांनी १८०८ मध्ये मानेतल्या अॅन्युरिझमसाठी माणसाची कॅरोटिड बांधली. तो पुढे १३ वर्षं जगला.

मॉस्कोचे न्यूरोसर्जन फ्योदोर सर्बिनेन्को यांना तर मे दिनाच्या सोहळ्यात मुलांच्या हातातले दोरीचे फुगे पाहून युक्ती सुचली म्हणतात: धमनीत फुगा न्यायचा आणि तिथंच सोडून द्यायचा! त्यांचा गाजलेला लेख १९७४ चा. पुढे १९९१ मध्ये गुग्लिएल्मी यांच्या, आतून भरायच्या प्लॅटिनमच्या बारीक गुंडाळ्या, म्हणजे कॉइल आल्या.

आता फ्लो डायव्हर्टर नावाची बारीक जाळी धमनी चालू ठेवूनच अॅन्युरिझम आटवते. ती लाखांत जाते, शिवाय रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या नेमाने घ्याव्या लागतात. म्हणून परीक्षेत पास झालेल्या पेशंटसाठी धमनी बंद करणं आजही मोडीत निघालेलं नाही, आणि त्याला गरिबाचा उपचार म्हणून नाक मुरडणं मला पटत नाही. जोखीम आहेच: परीक्षा पास होऊनही थोड्यांना पक्षाघात होतो. उरलेल्या धमन्यांवर ताण वाढल्याने नवा फुगा येऊ शकतो, म्हणून पुढेही स्कॅन करत राहावं लागतं.

खर्चाचं म्हणाल तर 'आयुष्मान भारत'च्या उपचारांच्या यादीत धमनी बंद करण्याचा हा उपचार चक्क स्वतंत्र नोंद म्हणून आहे. आणि राज्याची जीवनदायी योजना, म्हणजे आजची महात्मा फुले जन आरोग्य योजना, २०१२ मध्ये पहिल्यांदा ज्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं!