संकटातील हाक ऐकणारी विमाने

धूर, धुके वा काळोख दाटला की शोध घेणाऱ्यांचे डोळे हतबल होतात. तेथे कानच उपयोगी पडतो. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी २०१२ साली चिमुकल्या स्वयंचलित विमानावर चार ध्वनिग्राहक बसवून शिट्टीची दिशा शोधण्याची रीत मांडली. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो; त्यामुळे तो चारही ग्राहकांना किंचित निरनिराळ्या क्षणी पोहोचतो. त्या फरकावरून दिशा कळते. अडचण विमानाच्या स्वतःच्याच घरघरीची! तीत हाक बुडते. शिट्टीचा तीक्ष्ण स्वर मात्र वेगळा काढता येतो. मनुष्याची किंकाळीही ओळखता यावी, म्हणून जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी २०२१ साली आपले प्रयोग जगापुढे ठेविले. यात्रेस वा डोंगरावर निघताना मुलांजवळ शिट्टी अवश्य द्यावी, अशी आमची विनंती आहे. ओरडून घसा बसतो. शिट्टीस थोडा श्वासही पुरतो.