मनोविकृतीग्रस्त व्यक्तींच्या पुनर्वसनात सामूहिक खेळांचे स्थान : खुलताबाद तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :-

महाविद्यालयाच्या हजेरीपटावरून दरवर्षी काही नावे कमी होतात. कारण म्हणून बहुधा 'सतत गैरहजर' एवढेच लिहिले जाते. त्यांपैकी काही विद्यार्थी कामाला लागलेले असतात, काही मुलींचे विवाह झालेले असतात. परंतु एखाद्याच्या बाबतीत घरचे लोक स्पष्ट काही सांगत नाहीत. तो खोलीबाहेर येत नाही, एकटाच बोलतो, शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत असे म्हणतो. छिन्नमनस्कता म्हणजेच स्किझोफ्रेनिया या विकाराची सुरुवात बहुतांशी पौगंडावस्थेच्या अखेरीस व विशीच्या दशकात होते. स्त्रियांमध्ये ती काहीशी उशिरा होते. अर्थात हा महाविद्यालयीन वयाचा विकार आहे, ही गोष्ट प्राध्यापकवर्गाने लक्षात घ्यावयास हवी. प्रस्तुत लेखात या विकारातील सामूहिक खेळांचा उपयोग, त्यामागील मानसशास्त्रीय कारणे, त्याच्या मर्यादा आणि खुलताबादसारख्या तालुक्याच्या ठिकाणी त्याची शक्यता यांचा ऊहापोह केला आहे.

विकाराचे स्वरूप :-

'स्किझोफ्रेनिया' ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये मांडली. मराठीत तिचे 'मनोदुभंग' असे भाषांतर रूढ झाले आणि एकाच माणसात दोन माणसे असतात असा गैरसमजही त्याबरोबर रूढ झाला. वस्तुतः या विकारात विचार, भावना व कृती यांतील सुसंगती बिघडते. प्रत्यक्षात नसलेले आवाज ऐकू येणे (विभ्रम) आणि पुराव्याने न ढळणाऱ्या चुकीच्या समजुती (संभ्रम) ही धन लक्षणे होत. ती लोकांच्या चटकन नजरेस येतात व औषधांनी बऱ्याच रुग्णांत आटोक्यातही येतात. याउलट बोलणे कमी होणे, चेहरा निर्विकार होणे, कशाचीच इच्छा न राहणे, माणसांपासून दूर जाणे ही ऋण लक्षणे औषधांना फारशी दाद देत नाहीत. घरचे लोक त्यांना 'आळस' म्हणतात. रुग्णाचे शिक्षण, रोजगार व विवाह मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या लक्षणांमुळे अडतात, आणि सामूहिक खेळांचा विचार करावयाचा तो याच संदर्भात. औषधाला पर्याय म्हणून खेळ सुचविणे हे घातक ठरेल.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार अशा विकृतींचे आजीवन प्रमाण सुमारे १.४ टक्के असून सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण उपचारांच्या बाहेर होते. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. त्यामुळे मराठवाड्यातील तालुक्यांविषयी बोलताना हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत.

खेळच का? :-

संभाषणात पुढे काय बोलावयाचे हे कोणीही ठरवून दिलेले नसते. छिन्नमनस्कतेत ज्यांचे अवधान व कार्यकारी स्मृती दुर्बल झालेली असते, त्यांना हीच मोकळीक जड जाते. खेळात मात्र नियम आधीच ठरलेला असतो, आपली पाळी कधी येणार हे ठाऊक असते आणि बोलण्याऐवजी चेंडू, सोंगटी वा गाणे मध्यस्थाचे काम करते. दुसऱ्याच्या डोळ्यांत न पाहताही त्याच्याशी देवघेव होते. व्हिएन्नातील जेकब मोरेनो यांनी समूहातील अभिनयाला उपचाराचे रूप दिले आणि १९३६ मध्ये अमेरिकेत बीकन येथे त्यासाठी रुग्णालय काढले. पुढे सामाजिक कौशल्य-प्रशिक्षणाने बसचे तिकीट काढणे, औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखविणे असे प्रसंग भूमिकाखेळांतून शिकविण्यास प्रारंभ केला.

महाराष्ट्रात या दिशेने झालेले कार्य उल्लेखनीय आहे. कॅल्गरी विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून पुणे येथे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. त्यांच्याच पुढाकारातून सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) हा चित्रपट निर्माण झाला. ठाणे येथे १९९० मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेच्या 'त्रिदल' या उपक्रमातही पुनर्वसनावर भर आहे.

कोणते खेळ, कोणते नव्हेत :-

परदेशी पुस्तकांतील खेळ उचलून आणण्याची गरज नाही. परंतु आपल्या अंगणातले सर्वच खेळ येथे चालत नाहीत. 'कानगोष्टी' हा खेळ घ्या. शेजाऱ्याच्या कानात वाक्य कुजबुजावयाचे आणि ते बदलत बदलत शेवटी सर्वांनी हसावयाचे. ज्या व्यक्तीला आधीच कुजबूज ऐकू येते आणि लोक आपल्यालाच हसतात असे वाटते, तिच्यासाठी हा खेळ नसून तिच्या संभ्रमाला दिलेला पुरावाच होय. 'मामाचे पत्र हरवले' यात पाठीमागे गुपचूप वस्तू ठेवली जाते, आंधळ्या कोशिंबिरीत डोळे बांधून चहूबाजूंनी टपल्या मिळतात. संशयग्रस्त रुग्णाच्या बाबतीत हे दोन्ही टाळावेत. संगीत खुर्चीत बाद झालेला बाहेर जाऊन बसतो, आणि बाहेर बसणे हीच तर या मंडळींची मूळ अडचण आहे.

याउलट गाण्याच्या भेंड्या अतिशय उपयुक्त आहेत. आधीच्या गाण्याचे शेवटचे अक्षर पकडण्यासाठी दुसऱ्याचे ऐकावे लागते, स्मरण करावे लागते, आणि गट एकत्र गात असल्याने एकट्यावर भार येत नाही. स्वतःशी वाक्य बोलणेही जड जाणारी व्यक्ती गाण्याच्या ओळीत सामील होऊ शकते. मोठ्याने गाण्याने वा गुणगुणण्याने काहींना आतील आवाजांचा त्रास तेवढ्यापुरता कमी जाणवतो, हा आणखी एक लाभ. 'नाव-गाव-फळ-फूल' तोंडी खेळल्यास निरक्षर सदस्यही त्यात येऊ शकतात. वर्गवारी करून शब्द आठवणे ही ज्या बौद्धिक कार्यात या रुग्णांना अडचण येते नेमक्या त्याच कार्याची उजळणी होय. लगोरीतील चेंडू मारण्याचा भाग वगळून केवळ सात ठिकऱ्या मिळून रचण्याचा भाग ठेवता येतो. मारलेला चेंडू काहींना हल्ला वाटतो. कॅरमचा एक गुण असा की चौघे बसतात, बोलले नाही तरी चालते, आणि पाळी चुकली तर इतर आठवण करून देतातच. खुलताबादमध्ये हिंदू व मुस्लिम कुटुंबे शेजारी नांदतात. झिम्मा, भोंडला यांपेक्षा कॅरम, चेंडू व भेंड्या यांसारखे सर्वांच्या ओळखीचे खेळ निवडणे श्रेयस्कर. स्त्रियांसाठी दुपारचा स्वतंत्र गट असावा, अन्यथा घरातून त्यांना पाठविलेच जाणार नाही.

गट सहा ते दहा जणांचा आणि वेळ पाऊण तासाची पुरेशी आहे. नियम एका वाक्यात सांगावा व करून दाखवावा. न खेळता नुसते बसून पाहण्याची मुभा प्रत्येकास असावी. अनेक जण पहिले काही आठवडे तेवढेच करतात, आणि तेही येणेच होय. गटप्रमुखाने कोणाच्या संभ्रमाशी वाद घालू नये, त्यास दुजोराही देऊ नये. विकार तीव्र अवस्थेत असताना गटात आणू नये. औषधांमुळे अंग ताठरते, हात थरथरतात, झोप येते; अशा व्यक्तीचा नेम चुकला तर तो अनास्थेमुळे नव्हे. आणखी एक बाब क्वचितच ध्यानात घेतली जाते. या औषधांमुळे शरीराचे तापमान राखण्याची क्षमता मंदावते. खुलताबाद डोंगरावर असले तरी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मैदानी खेळ सकाळीच आटोपावेत व पाण्याचा माठ जवळ असावा.

पुराव्याची स्थिती :-

येथे उत्साहाला आवर घालणे आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये ४१७ रुग्णांवर झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत समूह-कलोपचार, खेळांसह इतर कृतींचे गट आणि केवळ नेहमीचे उपचार यांची तुलना करण्यात आली. दोन वर्षांनंतर तिन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र गटांना प्रत्यक्ष उपस्थिती फारच कमी होती. जे आलेच नाहीत त्यांना लाभ कसा व्हावा? दुसऱ्या बाजूस, बंगळूरच्या निमहान्स संस्थेत ६१ रुग्णांवर झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषधांच्या जोडीने योगासने करणाऱ्या गटात व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा अधिक सुधारणा दिसली. सातारा, गोवा व कांचीपुरम येथील २८२ रुग्णांवरील चाचणीत (२०१४) प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन दिलेल्या साहाय्याने अपंगत्व व लक्षणे माफक प्रमाणात कमी झाली. तामिळनाडूतील केंद्रात हा परिणाम अधिक होता. हे कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते, परंतु त्यांना प्रशिक्षण होते व त्यांच्यावर देखरेख होती. या तीन निष्कर्षांवरून एवढेच म्हणता येते की खेळ निवडण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, माणूस गटापर्यंत पोहोचविणे हे काम आहे.

खुलताबादच्या संदर्भात :-

राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. खुलताबादच्या रुग्णाला सुमारे २५ किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे 'घाटी'त जाता येते, पण सोबत येणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. गोळ्यांसाठी महिन्यातून एकदा हे जमेल. आठवड्याच्या गटासाठी जमणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने समाजाधारित पुनर्वसनाची सेवा हा हक्क मानला आहे. तालुक्याच्या गावात ती सेवा कोठे मिळते, हा प्रश्न विचारावयासच हवा.

दर्गे आणि भद्रा मारुती यांमुळे या गावात श्रद्धेने येणाऱ्यांची रीघ असते. मनोविकाराचा रुग्ण प्रथम देवस्थानात वा दर्ग्यात नेला जाणे हे देशभरचे वास्तव आहे. त्याची थट्टा करून कुटुंब दुरावते. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्याच्या आवारात 'दवा आणि दुआ' या नावाने मनोविकारतज्ज्ञांची सेवा सुरू करण्यात आली. तेथे कोणासही श्रद्धा सोडावी लागली नाही.

महाविद्यालयाजवळ खोली, कॅरम आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक असतात. मानसशास्त्र विभागाने जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाशी संपर्क साधून, त्यांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एक गट चालविणे अशक्य नाही. मात्र स्वयंसेवकांना आधी प्रशिक्षण द्यावे, सदस्यांची नावे व आजार गोपनीय ठेवावेत, छायाचित्रे वार्षिक अहवालासाठी काढू नयेत. नोंदवहीत खेळाच्या गुणांऐवजी कोण आले, कोण पाहत बसले, कोण आपणहून बोलले एवढे लिहावे. सलग दोनदा न आलेल्याच्या घरी त्याच आठवड्यात कोणीतरी जावे, कारण गोळ्या थांबल्याची पहिली खूण बहुधा तीच असते. उन्हाळी सुटीत स्वयंसेवक गावी जातात. त्या काळात गट कोणी चालवावयाचा हे जूनमध्ये गट सुरू करतानाच ठरवून ठेवावे लागेल.