मित्रांनी बसवलेलं इंजिन आणि वहीत न लिहिलेली मजुरी

मागच्या व्हिडिओत तुम्ही पाहिलंत, मिरजगावच्या आमच्या शेडमध्ये मामांच्या प्रीमियर पद्मिनीचं जुनं इंजिन निघालं आणि दुसरं बसलं. व्हिडिओ बारा मिनिटांचा, काम चार रविवारचं. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "सर, जुन्या गाड्यांच्या इंजिनचा धंदा गावात बसून होईल का?" होईल. पण व्हिडिओत चेन ब्लॉक दिसला, हिशोब दिसला नाही. तो आज मांडतो, आणि त्यात मी स्वतः कुठे आपटलो तेही सांगतो.

आधी गाडीबद्दल थोडं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फिएट ११०० आणि पुढे पद्मिनी बाहेर पडायची. पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, एक कार्ब्युरेटर, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांसमोर. म्हणून ही गाडी चार मित्रांना शिकता येते. आणि ती आता बनत नाही, म्हणून ज्यांच्याकडे आहे ते तिच्यावर खर्च करायला तयार असतात. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे हेच लोक.

मामांच्या गाडीत रोग साधा होता. डिपस्टिक काढली तर ऑइल चहाच्या रंगाचं. म्हणजे पाणी आत जातंय. हेड गॅस्केट बदलून पाहिलं, फरक नाही. गाडी कधीतरी खूप तापली होती आणि ब्लॉकला तडा गेला होता. तडा शिवून घेता येतो, पण शिवणाऱ्याचा खर्च, बोअरचं काम आणि भरवसा नाही तो नाहीच. त्यापेक्षा भंगारात निघालेल्या दुसऱ्या पद्मिनीचं चालू इंजिन परवडलं.

आता पान्याला हात लावण्याआधीची गोष्ट, जी बहुतेक जण शेवटी करतात. इंजिनवर नंबर असतो आणि तोच आरसीवर असतो. इंजिन बदललं की हे दोन जुळत नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नेमकं यावर आहे. त्यामुळे काम सुरू करण्याआधी आरटीओची परवानगी (आपल्याकडे नगरची, एमएच १६) आणि काम झाल्यावर आरसीत नवा नंबर चढवून घेणं, दोन्ही आलं. ज्या गाडीचं इंजिन घेता तिच्या आरसीची प्रत आणि विक्रीचं बिल हातात ठेवा. "बिल नाही, पण माल एक नंबर" असं कोणी म्हटलं तर तिथून निघा. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलीस तुमच्या शेडवर येतात, विकणाऱ्याकडे नंतर. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर उद्या क्लेमच्या वेळी इंजिन नंबरच जुळायचा नाही.

त्याच प्रकारचं इंजिन बसवणं वेगळं आणि पेट्रोलच्या जागी हाती लागलेलं डिझेल टाकणं वेगळं. पूर्वी गावोगाव हे सर्रास चालायचं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. शिवाय आता नियमात न बसणाऱ्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गिऱ्हाईक कितीही गळ घालो, असं काम घेऊ नका.

आणखी एक. गाडी ५० वर्षांच्या पुढची असेल तर मालकाला आधी विचारा, व्हिंटेज नोंदणी करायची आहे का? २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी मूळ रूपात लागते, आणि त्या मूळ रूपात इंजिनही धरलंय. म्हणजे तुम्ही मनापासून केलेलं काम मालकाचं नुकसान करू शकतं. जुनं इंजिन भंगारात द्यायच्या आत हे बोलून घ्यायचं.

इंजिन निवडताना आम्ही एवढंच केलं: प्लग काढून क्रँक हाताने फिरवला, अडकतोय का पाहिलं, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं आणि ऑइल बोटांवर घेऊन त्यात धातूची चमक दिसते का ते उन्हात बघितलं. वरून रंग मारलेलं इंजिन मला आवडत नाही. गळती झाकायलाच रंग मारतात, असा माझा अनुभव.

पहिल्या रविवारी जुनं इंजिन काढलं. बॅटरीची वायर आधी सोडायची. बॉनेटच्या बिजागरीभोवती मार्करने रेघ ओढायची, म्हणजे परत बसवताना फट सारखी येते. पाणी आणि ऑइल काढलं, रेडिएटर बाहेर घेतला. प्रत्येक वायर आणि केबलला कागदी टेप लावून नाव लिहिलं. आमच्यातला एक जण म्हणाला, "कशाला, लक्षात राहतंय." चौथ्या रविवारी त्यालाच टेप वाचून वायरी जोडायला बसवलं. उचलायला बोअरची मोटार काढणाऱ्यांकडून तीन पायांचा लोखंडी स्टँड आणि एक टनी चेन ब्लॉक भाड्याने आणला. लिंबाच्या फांदीला इंजिन टांगलेलं मी पाहिलंय. तसं करू नका. फांदी मोडायच्या आधी सांगत नाही. आणि इंजिन टांगलेलं असताना खाली कुणाचा हात-पाय नको, मग तो कितीही जवळचा मित्र असो.

इंजिन बाहेर आहे तोवर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागचं ऑइल सील बदलून घ्या. नंतर यातलं एक जरी गेलं तर त्याच कामाला पुन्हा तेवढेच रविवार. रबरी पेट्रोल पाइपही नवे टाका. इथेनॉल मिसळलेल्या आताच्या पेट्रोलने जुनं रबर लवकर खराब होतं.

बसवताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो इंजिन आणि गिअरबॉक्सची तोंडं जुळवायला. क्लच प्लेट मधोमध नसेल तर शाफ्ट आत जातच नाही. तेव्हा बोल्ट आवळून ओढून घ्यायचा मोह होतो. तिथे प्लेट वाकते किंवा केसिंगला तडा जातो. गिअरबॉक्सखाली जॅक, इंजिन चेनवर, एक माणूस पुलीला पाना लावून क्रँक किंचित फिरवतोय, दुसरा ढकलतोय, तिसरा बॅटरी धरून बघतोय. इथे मित्र लागतातच. सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टर मारला, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले, टायमिंग धरलं, आणि तिसऱ्या सेल्फला गाडी बोलली. मामा काही बोलले नाहीत, जाऊन पेढे घेऊन आले.

इथपर्यंत व्हिडिओ. आता पुढचं.

ते बघून करमाळा रस्त्यावरचे एक जण त्यांची पद्मिनी घेऊन आले. इंजिन त्यांनीच आणलेलं, कागद स्वच्छ. मी मजुरी सांगितली ८,००० रुपये. कशावरून? मामांच्या गाडीला मजुरी "लागलीच नव्हती", म्हणून ८,००० म्हणजे सगळा नफाच वाटला. मित्र पहिल्या रविवारी आले. दुसऱ्या रविवारी एकाकडे कांदा काढणी, दुसऱ्याच्या चुलतभावाचं लग्न. त्यांचं काही चुकलं नाही. मामांच्या गाडीला ते माझ्यासाठी आले होते. या गाडीला कुणासाठी आणि कशासाठी यावं? गाडी बॉनेट उघडं ठेवून सात आठवडे शेडमध्ये उभी राहिली. शेवटी मी मेकॅनिक मित्राला रोजंदारी देऊन काम संपवलं. तोवर गिऱ्हाईक फोनवर "अहो दादा" वरून नुसत्या "हं" वर आलं होतं.

मग एका रात्री मामांच्या गाडीचे तास आठवून लिहिले. पहिला रविवार तीन माणसं सहा तास, म्हणजे १८. दुसरा दोन माणसं सात तास, १४. तिसरा चार माणसं पाच तास, २०. चौथा दोन माणसं चार तास, ८. एकूण ६० तास. त्यातले २२ मेकॅनिक मित्राचे. त्याचा तास १५० रुपये धरला तर ३,३००. बाकी ३८ तास ७५ ने, २,८५०. मजुरी झाली ६,१५०. स्टँड आणि चेनचं भाडं १,०००, नगरच्या दोन खेपा १,२००, जेवण-चहा १,६००, रॉकेल, टेप, कूलंट असलं किरकोळ ७००. हे ४,५००. बेरीज १०,६५०, आणि मी सांगितले होते ८,०००. म्हणजे सगळे मित्र वेळेवर आले असते तरी २,६५० रुपयांचा खड्डा होता, तो फक्त त्यांच्या खिशातून भरला गेला असता आणि मला तो नफा वाटला असता. शेडचं भाडं यात धरलेलंच नाही, कारण शेड घरची. तुमची भाड्याची असेल तर धरा. भावही तुमच्या गावचे घाला.

आता आमच्याकडे मित्र येतात ते ठरलेल्या तासाच्या दराने. पैसे रविवारी संध्याकाळीच, गिऱ्हाइकाने बिल दिलं असो वा नसो. पहिल्यांदा पैसे पुढे केले तेव्हा एक जण रुसला, "मला मजूर समजतो का?" त्याला वही दाखवली. तो आता स्वतःचे तास स्वतः लिहितो, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा नीट लिहितो. गिऱ्हाइकाला भाव सांगताना काम किती दिवसांत होईल तेही लिहून देतो, आणि आरटीओची परवानगी हातात येईपर्यंत गाडी शेडमध्ये घेत नाही.

क्लच प्लेट मधोमध कशी धरायची हे बऱ्याच जणांना नीट कळलेलं नाही. मामांच्या गिअरबॉक्सचा जुना शाफ्ट जपून ठेवलाय, पुढच्या व्हिडिओत त्यानेच करून दाखवतो.